जंगलातली गांडुळं वर्षानुवर्षं मोजायची असतील तर: प्लॉट आखण्यापासून डेटापर्यंत

एकदा जाऊन खड्डा खणला, गांडुळं मोजली, आकडा लिहिला, की झाला सर्व्हे. मॉनिटरिंगचं तसं नसतं. त्यात पाच-दहा वर्षांनी कुणीतरी वेगळाच माणूस त्याच जंगलात येणार, तसाच खड्डा खणणार आणि त्याचा आकडा तुमच्या आकड्याशेजारी ठेवला जाणार, आणि तो ठेवता यावा ह्याची सोय आजच करून ठेवायची असते. बरेच प्रोजेक्ट इथेच गडबडतात, कारण पहिल्या वर्षी सगळा जोर 'किती सापडली' यावर असतो आणि 'कशी शोधली' हे कुणाच्या तरी डोक्यात राहून जातं, तो माणूस दुसरीकडे गेला की मागे नुसते आकडे उरतात. खाली जे काही लिहिलंय ते सगळं एकाच गोष्टीसाठी आहे: आकडा बदलला तर तो गांडुळांमुळे बदललाय, आपल्यामुळे नाही, एवढं छातीठोकपणे सांगता यावं.

आधी ठरवा, नक्की काय बघायचंय

गांडुळं म्हणजे एकच प्रकार नाही. मार्सेल बुशे ह्या फ्रेंच मृदा-जीवशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेली तीन गटांची विभागणी फील्डवर अजूनही सगळ्यात कामाला येते. एपिजीइक म्हणजे पालापाचोळ्यात नि कुजक्या लाकडात राहणारी, लहान, गडद तांबूस, चपळ. एंडोजीइक म्हणजे मातीतच राहून माती खाणारी, फिकट करडी किंवा गुलाबीसर, आडवीतिडवी बिळं करणारी. आणि अनेसिक म्हणजे खोल उभं बीळ करून राहणारी, रात्री वर येऊन पानं आत ओढणारी, मोठी, डोक्याकडे गडद आणि शेपटीकडे फिकट. सगळ्या जाती ह्या तीन खणांत नीट बसत नाहीत, मधल्याही बऱ्याच आहेत, पण आपल्या कामाची गोष्ट ही की प्रत्येक मेथड ह्यातला एखादा गट चांगला पकडते आणि दुसरा सोडून देते. त्यामुळे मेथड निवडायच्या आधी प्रश्न ठरवावा लागतो.

प्रश्न साधारण तीन प्रकारचे असतात. एक, जंगल आहे तसं आहे आणि काळानुसार काय होतं ते बघायचंय. दोन, जंगलात काहीतरी केलंय, झाडं विरळ केली, चुना टाकला, नवीन लागवड केली, आणि त्याचा परिणाम बघायचाय, अशा वेळी काही न केलेले कंट्रोल प्लॉट लागतात आणि शक्य असेल तर काम सुरू होण्याच्या आधीचा किमान एका सीझनचा डेटा लागतो, तो नंतर कुठूनही आणता येत नाही. तीन, बाहेरून आलेल्या जाती किती पसरतायत ते बघायचंय. उत्तर अमेरिकेत हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तरेकडच्या जंगलांमध्ये स्थानिक गांडुळं नव्हतीच, तिथे आलेली युरोपियन गांडुळं वर्षाला साधारण ५ ते १० मीटर वेगाने पुढे सरकतात, आणि ती आली की जमिनीवरचा पाल्याचा जाड थर काही वर्षांत खलास होतो. असा प्रश्न असेल तर विखुरलेले प्लॉट फारसे उपयोगी नाहीत, रस्ता, पायवाट किंवा पाण्याचा काठ इथून आत जाणाऱ्या सरळ रेषा आखा आणि ठराविक अंतरावर पॉइंट घ्या.

प्लॉट

खड्डा खणून सॅम्पल घेणं म्हणजे ती जागा मोडणं, त्यामुळे कायमचा खड्डा अशी गोष्ट नसते, कायमचा प्लॉट असतो. २० बाय २० मीटरचा चौरस घ्या, चारही कोपऱ्यांना न गंजणाऱ्या खुंट्या ठोका, आणि त्यातला एक कोपरा शून्य धरून आत १ मीटरची काल्पनिक जाळी मांडा. मग ४०० चौकोन मिळतात. प्रत्येक वर्षी कुठले चौकोन खणायचे हे रँडम नंबरने आधीच ठरवून ठेवा, पुढच्या दहा वर्षांचे आजच काढून ठेवले तरी चालेल, आणि एकदा खणलेला चौकोन नि त्याच्या लगतचे आठ चौकोन यादीतून बाद. हे कागदावर किचकट वाटतं पण फील्डवर फार सुटसुटीत होतं, कारण तिथे पोचल्यावर 'इथे खणू की तिथे' हा विचारच करायचा नसतो. माणूस स्वतःच्या मनाने जागा निवडायला लागला की हटकून मऊ, ओलसर, पाला भरपूर असलेली जागा निवडतो, आणि आकडे फुगतात.

खोडाच्या अगदी बुंध्याशी खणू नका. काही झाडांच्या खोडावरून ओघळणारं पावसाचं पाणी बुंध्याजवळची माती आम्लधर्मी करतं, शिवाय मोठ्या मुळांमुळे खड्डा पुरा होत नाही. खोडापासून किमान १ मीटर वगैरे नियम ठेवा, चौकोनात मोठा दगड किंवा मूळ आलं तर यादीतला पुढचा नंबर घ्या आणि तसं लिहून ठेवा.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, किती खड्डे? माझं सरळ मत आहे की एका प्लॉटमध्ये खड्डे वाढवण्यापेक्षा प्लॉट वाढवा. एका प्लॉटमधले पाच खड्डे म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे नव्हेत, ते एकाच जागेचं जरा चांगलं मोजमाप आहे. पाच-पाच खड्ड्यांचे दोन प्लॉट घेऊन 'माझी सॅम्पल साइज दहा' असं लिहिणारे खूप दिसतात, ती दोनच असते. जंगलात मातीचे, उताराचे, झाडांचे जे ठळक प्रकार असतील त्या प्रत्येकात निदान तीन-चार प्लॉट आणि प्लॉटमागे पाच खड्डे इथून सुरुवात करा, पहिल्या सीझनचा डेटा आला की प्लॉट-प्लॉटमध्ये किती फरक आहे आणि प्लॉटच्या आत किती आहे ते बघा आणि मग हिशोब करून आकडा पक्का करा.

आणि हो, वनखात्याची किंवा जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी एका वर्षाची न घेता जमलं तर पूर्ण कालावधीची घ्या, त्यात खणणं, नमुने नेणं आणि जमिनीत द्रावण ओतणं ह्या तिन्हीचा उल्लेख असू द्या.

कधी जायचं

तारीख ठरवू नका, परिस्थिती ठरवा. माती कोरडी पडली किंवा फार तापली की बरीच गांडुळं खोल जातात, काही तर मातीत छोटी गोल पोकळी करून, आत चिकट अस्तर लावून, स्वतःची गाठ मारून पडून राहतात. त्या वेळी खणलं तर 'संख्या घटली' असं दिसेल, प्रत्यक्षात ती झोपलेली असतात. समशीतोष्ण जंगलात वसंत आणि शरद हे दोन काळ चांगले, मातीचं तापमान ५ ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना. पावसाळा-कोरडा ऋतू असं चक्र असलेल्या जंगलात पहिल्या पावसानंतर लगेच धावू नका, माती खोलवर भिजून काही आठवडे जाऊ द्या म्हणजे पडून राहिलेली उठतात आणि कोषातून, म्हणजे गांडुळाच्या अंड्यांच्या छोट्या कवचातून, नवीन पिल्लंही बाहेर आलेली असतात.

नियम असा लिहा: 'मागच्या चार आठवड्यांत इतका पाऊस, १० सेंटीमीटर खोलीवर मातीचं तापमान अमुक ते अमुक, आणि माती मुठीत दाबली की गोळा होते पण पाणी सुटत नाही.' तुमच्या जंगलाला लागू पडणारे आकडे पहिल्या दोन वर्षांत कळतील. एखाद्या वर्षी ही परिस्थिती आलीच नाही तर ते वर्ष सोडलेलं बरं, वाईट सीझनचा आकडा मालिकेत घुसवला की नंतर तो काढतासुद्धा येत नाही कारण 'वाईट होता' हे कुणाला आठवत नाही.

जातीचं जीवनचक्रही बघा. ॲमिन्थास गटातली जी 'उड्या मारणारी' गांडुळं आशियातून उत्तर अमेरिकेत गेली ती तिकडे वर्षभरात जगून मरतात, थंडीत फक्त कोष उरतात आणि पूर्ण वाढलेली उन्हाळ्याच्या शेवटी दिसतात. तिथे फक्त वसंतात जाणाऱ्या टीमला ओळखता येण्याजोगं एकही मिळणार नाही.

दरवर्षी जायलाच हवं का? पहिली तीन वर्षं तरी जा, कारण हवामानामुळे आकडा किती हेलकावे खातो ते कळल्याशिवाय ट्रेंड ओळखता येत नाही. नंतर पैसा-माणसं कमी असतील तर थोडे प्लॉट दरवर्षी आणि बाकीचे आळीपाळीने दर तीन वर्षांनी, ही पद्धत चांगली चालते.

खड्डा आणि हाताने निवडणं

हे कामाचं हृदय आहे आणि सगळ्यात कंटाळवाणंही. जगभर सगळ्यात जास्त वापरला जाणारा साइज म्हणजे २५ बाय २५ सेंटीमीटर, खोली ३० सेंटीमीटर. उष्ण कटिबंधातल्या मातीच्या कामात हाच रूढ आहे, १०-१० सेंटीमीटरच्या तीन थरांत. माती निघते पावणेएकोणीस लिटर, म्हणजे ढोबळ २० किलो धरा, जंगलाची वरची माती हलकी असेल तर कमी.

क्रम असा. आधी धातूची चौकट जमिनीवर ठेवा आणि आतला पालापाचोळा पटकन उचलून वेगळ्या पिशवीत घाला, पटकन अशासाठी की एपिजीइक गांडुळं धक्का कळला की सटकतात. मग चौकटीच्या कडेने धारदार फावड्याने चारही बाजू कापून घ्या आणि थर उचलून प्लास्टिकच्या शीटवर किंवा घमेल्यात घ्या. थर वेगळे ठेवा, मिसळू देऊ नका. जंगलात बारीक मुळांचं जाळं इतकं दाट असतं की माती अख्खीच्या अख्खी गालिच्यासारखी निघते, ती फावड्याने चिरू नका, हाताने सोडवत जा, नाहीतर निम्मी गांडुळं तुकड्यांत मिळतील.

निवडायला पांढरा ट्रे घ्या. एका वेळी दोन-तीन मुठी माती, ढेकूळ बोटांनी फोडायचं, पसरायचं, बघायचं, बाजूला टाकायचं. मोठी कुणालाही दिसतात, प्रश्न असतो पिल्लांचा. एक-दीड सेंटीमीटरचं फिकट पिल्लू आणि मुळाचा तुकडा शेजारी पडले तर थांबून बघावं लागतं, मूळ हलत नाही, पिल्लू ओल्या बोटाने टोचलं की आखडतं. ह्यात आणखी एक घोळ म्हणजे एन्किट्रीड, हे गांडुळांचे चुलत भाऊ, पांढरे, दोऱ्यासारखे, बहुतेक वेळा दोन-तीन सेंटीमीटरच्या आतच. आम्लधर्मी जंगलात ते ढिगाने असतात आणि नवखा माणूस त्यांना पिल्लं समजून मोजतो. शंका असेल तर वेगळ्या बाटलीत घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठरवा.

तुटलेली असतील तर डोकं असलेला तुकडाच मोजा, बाकीचे तुकडे फक्त वजनात धरा. कोषही उचला, लिंबासारख्या आकाराचे, पिवळट-तपकिरी, दोन ते सहा मिलिमीटरचे. कोष नीट मोजायचेच असतील तर माती धुऊन चाळणीतून काढावी लागते, हाताने निवडून जे मिळतात ते 'मिळाले तेवढे' समजा आणि त्यांची घनता काढत बसू नका.

वेळ ठरवून घ्या. एका थराला दोन माणसं, अमुक मिनिटं, किंवा माती संपेपर्यंत, काहीही ठरवा पण एकच ठरवा. आणि प्रत्येक दहा खड्ड्यांमागे एका खड्ड्याची निवडून टाकलेली माती दुसऱ्या माणसाला पुन्हा निवडायला द्या. त्यात जे सापडेल ते वेगळं लिहा. ही एक सवय लागली की कुणाच्या हातून किती सुटतं ते दरवर्षी कळतं, नवीन माणूस आला आणि आकडा पडला तर तो त्याच्या डोळ्यांमुळे पडला की खरंच, हे सांगता येतं. कोणी निवडलं त्याचं नाव फॉर्मवर हवंच.

काम झालं की खड्डा त्याच क्रमाने भरा, खालचा थर खाली, वर पाला. चौकोनाचा नंबर नकाशावर काट मारून टाका.

खोलवर बसलेल्यांसाठी द्रावण

३० सेंटीमीटरचा खड्डा अनेसिक गांडुळांना पुरत नाही, फावड्याचा धक्का लागताच ती बिळातून खाली निघून जातात. त्यांना वर आणायला खड्ड्याच्या तळाशी झोंबणारं द्रावण ओततात. पूर्वी फॉर्मेलिन वापरायचे, ते माणसालाही घातक आहे, कॅन्सरकारक आहे, आणि जमिनीतल्या बाकी जीवांचं जे होतं ते वेगळंच, त्यामुळे आता त्या वाटेला जाऊ नका. आज दोन पर्याय आहेत.

पहिला मोहरीची पूड, साधारण १० ग्रॅम प्रति लिटर पाणी. पूड आधी थोड्या पाण्यात कालवून ठेवा, पाणी उकळतं नको, कारण मोहरीतला झोंबणारा पदार्थ एका एन्झाइममुळे तयार होतो आणि उकळत्या पाण्याने ते एन्झाइमच मरतं. मोहरी स्वस्त आणि बिनधास्त, पण प्रत्येक पुडीचा तिखटपणा वेगळा, आणि अनेक वर्षांच्या मालिकेत हीच मोठी अडचण.

दुसरा पर्याय त्याच झोंबणाऱ्या पदार्थाचा, अलाइल आयसोथायोसायनेट, सगळे एआयटीसी म्हणतात. हा पाण्यात सरळ मिसळत नाही म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ ग्रॅम प्रति लिटरचं द्रावण करतात आणि मग ते पाण्याने पातळ करून ०.१ ग्रॅम प्रति लिटर करतात. दरवर्षी तीच ताकद मिळते, म्हणून लांब पल्ल्याच्या कामाला मी हाच सुचवेन. आयएसओ ह्या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २३६११-१ ह्या स्टँडर्डमध्येही हाताने निवडणं आणि रासायनिक द्रावण ह्यांची जोडच आहे. मात्र मूळ एआयटीसी डोळ्यांना आणि श्वासाला भयंकर झोंबतं, मूळ बाटली जंगलात नेऊच नका, लॅबमध्ये हूडखाली (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात), गॉगल-ग्लोव्ह्ज घालून पहिलं द्रावण बनवा आणि तेच घट्ट झाकणाच्या बाटलीतून न्या.

ओतायचं हळूहळू, दोन हप्त्यांत, मध्ये १० मिनिटं. किती लिटर ते खड्ड्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे एकदा ठरवा आणि दरवर्षी तितकंच. मग बसायचं आणि बघायचं. बिळाच्या तोंडाशी आधी पाणी हलतं, मग डोक्याचं टोक बाहेर येतं, परत आत जातं, पुन्हा येतं. इथे घाई करून चिमट्याने ओढलं की अर्धं हातात आणि अर्धं बिळात. पूर्ण शरीर बाहेर आलं की मगच उचला आणि लगेच साध्या पाण्यात टाका, ते द्रावण त्यांच्या कातडीला भाजतं.

उतारावर किंवा चिकण मातीत पाणी मुरत नाही, बाजूने वाहून जातं, अशा ठिकाणी ही मेथड कमी आकडे देते. कोरड्या मातीतही तेच. शिवाय एंडोजीइक गांडुळांची बिळं वरपर्यंत उघडी नसतात म्हणून ती द्रावणाला फारशी दाद देत नाहीत. म्हणूनच नुसतं द्रावण ओतून मॉनिटरिंग करू नका, खणणं आणि ओतणं दोन्ही करा आणि दोन्हीचे आकडे वेगळ्या कॉलममध्ये लिहा. विजेचा करंट देऊन बाहेर काढायची उपकरणंही असतात, पण ओल्या जंगलात, वेगवेगळ्या मातीत त्याचा परिणाम इतका बदलतो की मी त्यावर मालिका उभी करणार नाही.

पडलेले कुजके ओंडके हे वेगळं प्रकरण, एपिजीइक जाती तिथेच जास्त असतात आणि खड्ड्यात कधीच येत नाहीत. प्लॉटमध्ये ठराविक वेळ, समजा दोन माणसं अर्धा तास, ओंडके-साली उलटून बघा, उलटलेलं पुन्हा जागेवर ठेवा. हा डेटा फक्त 'कुठली जात आहे' यासाठी, घनतेत मिसळायचा नाही.

सोबत काय मोजायचं

मातीचं तापमान, ओलावा, पीएच (माती किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकी जास्त आम्लधर्मी), पाल्याच्या थराची जाडी, वरची झाडं. बस. ओलावा प्रत्येक खड्ड्यातून थोडी माती घेऊन १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून काढा. पीएच पाण्यात काढताय की कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात, ते कायम एकच ठेवा, क्लोराइडमध्ये आकडा कमी येतो आणि मध्येच बदललं तर माती आम्लधर्मी झाली असा भास होतो. पीएच साडेचारच्या खाली गेलं की खोल राहणाऱ्या बऱ्याच जाती विरळ होतात नि पाल्यातल्या काही चिवट जातीच उरतात. झाडांची नोंद का, तर पोलंडमध्ये १४ जातींची झाडं एकाच ठिकाणी लावून केलेल्या प्रयोगात दिसलं की ज्यांच्या पानांत कॅल्शियम जास्त त्यांच्याखाली गांडुळं जास्त आणि जातीही जास्त. पावसाचा नि तापमानाचा रोजचा रेकॉर्ड जवळच्या स्टेशनवरून घ्या, कारण ५७ देशांतल्या ६,९२८ ठिकाणांचा डेटा एकत्र करून २०१९ मध्ये जो अभ्यास आला त्यात मातीच्या गुणधर्मांपेक्षा हवामानाचाच प्रभाव जास्त निघाला.

नमुने टिकवणं आणि ओळखणं

पाण्यात धुवा, टिपून वजन करा, मग इथेनॉल. आकारावरून ओळखायचं असेल तर ७० ते ८० टक्के चालतं, डीएनए काढायचा असेल तर ९६ टक्के किंवा वरचं लागतं. गांडुळाच्या अंगात पाणी भरपूर, ते बाहेर येऊन इथेनॉल पातळ होतं, म्हणून २४ तासांनी बदलाच, आणि बाटलीत कोंबू नका. लेबल कागदावर पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाहेरचं स्टिकर गळून पडतं. वजन ताजं करताय की इथेनॉलमध्ये ठेवल्यावर ठराविक दिवसांनी, हे ठरवून टाका, कारण इथेनॉलमध्ये वजन घटत जातं, आणि पोटातली मातीही वजनात येते हे लक्षात ठेवा.

जातीपर्यंत ओळख साधारण फक्त पूर्ण वाढलेल्यांचीच होते, ज्यांच्या अंगावर तो जाडसर पट्टा, क्लायटेलम, दिसतो. लुम्ब्रिसिडी कुळात, म्हणजे नेहमीच्या युरोपियन गांडुळांच्या कुळात, तो खोगिरासारखा आणि बराच मागे असतो, ॲमिन्थासमध्ये पुढे १४ ते १६ व्या वलयांवर गोल कड्यासारखा. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच जातींना आतून चिरून बघितल्याशिवाय पर्याय नाही, आणि काहींना अजून नावंच नाहीत. अशांना स्वतःचा कोड द्या आणि तो कोड पुन्हा दुसऱ्याला कधीच वापरू नका. पिल्लं, जी बऱ्याचदा एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त असतात, त्यांना अंदाजाने जातीत ढकलू नका. वंश किंवा गट इथवरच थांबा.

प्रत्येक जातीचे काही नमुने कायमचे एखाद्या संग्रहालयात ठेवा. ही सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी आहे. लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस ही जगातली बहुधा सगळ्यात जास्त अभ्यासली गेलेली जात, तिच्याही बाबतीत २०१० मध्ये डीएनएवरून दाखवलं गेलं की त्या नावाखाली दोन वेगळ्या जाती आहेत. ज्यांनी नमुने ठेवले होते त्यांना जुना डेटा दुरुस्त करता येतो, बाकीच्यांच्या वहीत नुसतं नाव. मातीतल्या डीएनएवरून जाती शोधायची पद्धतही आता आहे, पण ती 'आहे की नाही' सांगते, किती आहेत आणि किती वजनाची हे नाही, त्यामुळे जोडीला घ्या, बदली म्हणून नको.

डेटा

एक ओळ म्हणजे एक खड्डा, एक थर, एक मेथड, एक जात, एक वय-अवस्था. काहीच सापडलं नाही तर शून्याची ओळ लिहायचीच, रिकामी जागा म्हणजे 'खणलंच नाही' असाही अर्थ होतो. मूळ फाइल साधी सीएसव्ही (कुठल्याही प्रोग्रामात उघडणारा, स्वल्पविरामांनी वेगळा केलेला तक्ता), आणि फील्डच्या फॉर्मचे फोटो सोबत.

प्रति चौरस मीटरचा आकडा रिपोर्टपुरता काढा. २५ सेंटीमीटरच्या खड्ड्यासाठी १६ ने गुणावं लागतं, म्हणजे खड्ड्यात एक गांडूळ चुकलं की घनता १६ ने हलली. समजा एका प्लॉटमध्ये पाच खड्ड्यांत ०, ०, ७, १, ० अशी गांडुळं मिळाली. सरासरी निघेल प्रति चौरस मीटर २५.६, आणि प्रत्यक्षात ती जवळपास सगळी एकाच ओलसर कोपऱ्यात होती. गांडुळं अशीच पुंजक्यांनी असतात, शून्य भरपूर येतात, त्यामुळे साधी सरासरी नि टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची नेहमीची चाचणी) इथे चालत नाही. खड्ड्यातली मूळ संख्या घेऊन निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल लावा, म्हणजे पुंजक्यांनी येणाऱ्या मोजणीसाठीचं संख्याशास्त्रीय मॉडेल, त्यात क्षेत्रफळ ऑफसेट म्हणून (खड्ड्याचा आकार हिशोबात धरायला), प्लॉट रँडम इफेक्ट म्हणून (एका प्लॉटमधले खड्डे एकमेकांसारखे असतात हे धरायला), आणि वर्षासोबत ओलावा नि तापमान टाका. ओलावा टाकल्यावर वर्षाचा परिणाम नाहीसा झाला तर तुम्ही गांडुळांचा ट्रेंड नाही, पावसाचा ट्रेंड बघत होता. तीन वर्षांच्या डेटावर 'घट होतेय' असं कुणी लिहिलं तर माझा तरी विश्वास बसत नाही.

मेथड बदलावीच लागली तर

कधीतरी लागतेच, मोहरीवरून एआयटीसीवर जायचं असतं किंवा खड्ड्याचा साइज बदलायचा असतो. तेव्हा जुनी आणि नवी दोन्ही पद्धती त्याच प्लॉटमध्ये, त्याच दिवसांत, किमान दोन सीझन शेजारी शेजारी चालवा आणि मगच जुनी सोडा. प्रोटोकॉलच्या कागदाला तारीख नि व्हर्जन नंबर द्या आणि डेटाच्या प्रत्येक ओळीत तो नंबर येऊ द्या.

आणि एका प्लॉटवरून दुसऱ्यावर जाताना बूट, फावडी, ट्रे, चौकट ब्रशने घासून धुवा, बुटांच्या खाचांतला चिखलसुद्धा काढा. कोष मातीच्या चिमटीएवढ्या गोळ्यातून सहज जातो, आणि बाहेरून आलेली जात जिथे नव्हती तिथे मॉनिटरिंग करणाऱ्यांनीच पोचवली, असं होऊ शकतं. ज्या प्लॉटमध्ये अशी जात आधीच आहे तो दिवसाच्या शेवटी घ्या.